निरुपद्रवी उचकी

संगणकांच्या संग्रहालयात जायची बाईंना हौस नव्हती. उभा जन्म अंधशाळेत शिकवण्यात गेलेला, निवृत्तीनंतर घर खायला उठायचं, आणि जावयाने गाडी काढून फारच आग्रह धरला, म्हणून त्या निघाल्या. तिथे जुने व्हायरस चालू करून दाखवतात, असं त्याचं म्हणणं होतं. हा काय बघायचा प्रकार, असं बाईंच्या मनात आलं.

आतल्या दालनात एका जाड काचेच्या पडद्यासमोर घोळका हसत होता. पडद्यावरची अक्षरं मधूनच टुणकन उडी मारायची, परत जागेवर बसायची आणि खाली ओळ उमटायची: 'उचकी लागली, पाणी द्या!' शेजारच्या फलकावर लिहिलं होतं: 'उचकी. एका विद्यार्थ्याने गंमत म्हणून लिहिलेला खोडकर, निरुपद्रवी प्रोग्राम.'

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही उडी त्यांनी पाहिली होती.

शाळेला तेव्हा पहिला संगणक मिळाला होता. बाई त्यावर इतिहासाचं पुस्तक टाइप करत होत्या, म्हणजे ते यंत्रावर ब्रेलमध्ये छापता आलं असतं. मुलांची शेवटची परीक्षा जवळ आली होती. कार्यालयातल्या कारकुनाने बुद्धिबळाचा खेळ असलेली फ्लॉपी कुठूनशी आणली आणि संगणकात घातली. तेव्हाचे व्हायरस असेच फिरायचे, एका खिशातून दुसऱ्या खिशात. दुसऱ्याच दिवशी अक्षरं उचक्या देऊ लागली. सगळे खदखदून हसले, बाईसुद्धा. मग पुस्तकाची फ्लॉपी उघडेना. तोंडचं पाणी पळालं, म्हणून राखीव प्रत घालून पाहिली, तर तीही गेली. वर्षभराच्या मेहनतीवर पाणी फिरलं.

ज्यांच्या घरी वाचून दाखवणारं कुणी होतं, ती मुलं कशीबशी निभावली. टकळीच्या घरी कुणालाच वाचता येत नव्हतं. वर्गात तोंडाचा पट्टा सतत चालू असायचा म्हणून सगळे तिला टकळी म्हणत. इतिहास म्हणजे तिचा जीव की प्राण, आणि ती त्यातच नापास झाली. वडील येऊन तिला घेऊन गेले. बाई दोनदा समजवायला गेल्या, पण त्यांनी ऐकून घेतलं नाही. पोरीने शाळेचं तोंड पुन्हा पाहिलं नाही.

आणि हे निरुपद्रवी!

उचकीचा जनक त्या दिवशी सभागृहात बोलणार होता. बाई थेट पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. केस पिकलेला, हसतमुख गृहस्थ. वसतिगृहात बसल्या बसल्या मित्रांची खोडी काढायला प्रोग्राम लिहिला आणि तो पाय फुटून जगभर फिरला, हे त्याने इतकं रंगवून सांगितलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी काही विचारणार का, असं म्हटल्यावर बाई उठल्या. जावई हळूच म्हणाला, "आई, जाऊ द्या ना."

बाईंनी फ्लॉपीचं, पुस्तकाचं, टकळीचं सगळं सांगितलं.

"वाईट झालं," गृहस्थ म्हणाला. "पण हेतू तसा नव्हता. उचकी फ्लॉपीवरच्या रिकाम्या जागेत लपायची. पुढे मोठ्या फ्लॉप्या आल्या, त्यांच्यात नेमकी त्याच जागी कोणती फाइल कुठे आहे याची नोंद असायची. ती पुसली जायची."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"त्या फ्लॉप्या आल्या त्याच वर्षी. लोक सांगायचे."

"मग आजवर गंमत म्हणून का सांगत आलात?"

"तसंच ऐकायला बोलावतात," तो म्हणाला, आणि या वेळी हसला नाही.

बाईंनी संग्रहालयाच्या संचालिकेला गाठलं. फलकावरचा तो शब्द काढा, एवढंच त्यांचं मागणं होतं. पुढच्या छपाईत बघू, असं संचालिका गोड शब्दांत म्हणाली. बाईंनी खुर्ची ओढली आणि फलकासमोर ठाण मांडलं. जो येईल त्याला म्हणू लागल्या, हसा, पण आधी हे ऐका. जावई आधी लाजेने अर्धा झाला. पण चौथ्यांदा तीच हकीकत ऐकल्यावर तो तिथून हललाच नाही. बाईंचा घसा बसला तेव्हा पुढचं त्यानेच सांगितलं. मग उचकीचा जनकही आला, मान खाली घालून बाजूला उभा राहिला आणि संचालिकेला म्हणाला, "काढून टाका तो शब्द. खोटा आहे." त्याचं म्हणणं मात्र लगेच पटलं. स्क्रूड्रायव्हर आला, फलक उतरला. बाई सांगत होत्या तेव्हा काय सगळ्यांच्या कानात बोळे होते? बाईंना याचा वेगळाच राग आला.

नवा फलक लिहायचा तर शाळेचा उल्लेख करू, त्या विद्यार्थिनीचं नाव टाकू का, असा संचालिकेचा फोन आला. तिला विचारल्याशिवाय नाही, असं बाईंनी ठणकावलं आणि बस पकडून त्या टकळीकडे गेल्या.

टकळी आता पन्नाशीला आलेली, आवाज तोच. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नाव नको म्हणाली. लोक उगीच कीव करत बसतील. मग तिने विचारलं, "बाई, तो माणूस त्या वर्षी पास झाला होता का हो?"

"झाला. भाषणात तोच सांगत होता, पुढे त्या उचकीवरच नोकरी मिळाली म्हणून."

टकळी पुढे काहीच बोलली नाही. ती अशी गप्प झालेली बाईंनी कधी पाहिली नव्हती. परतीच्या बसमध्ये त्या मुठी आवळून बसल्या होत्या.