कधीच न धुतलेली काठवट

मी एक जुनी काठवट आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या निम्म्यांनी हे नावही ऐकलं नसेल, म्हणून सांगते. जाड खोड आतून कोरून केलेली, पाळण्याएवढी लांब लाकडी परात म्हणजे मी. माझ्यात पीठ मळत. आता कोणी मळत नाही, आणि मळूही नये. का, ते ऐका.

सुताराने घडवलं तेव्हा मी कोरी, गुळगुळीत होते. एका पाववाल्याच्या घरात आले, त्याच वर्षी तिथे नवी सूनही आली. आज ती त्या घराची आजी आहे. तिच्या सासूने तिला पहिला धडा दिला तो माझ्याबद्दलचा. काठवटीला पाणी लावायचं नाही. मळून झालं की पत्र्याच्या तुकड्याने खरवडायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं, झाकून ठेवायचं. लाकडाच्या रेघांत जुनं आंबलेलं पीठ मुरतं आणि तेच उद्याचं पीठ फुगवतं. धुतलेली काठवट आणि रुसलेला जावई, दोन्ही कामातून गेले, असं सासू म्हणायची.

आजीने तो धडा जन्मभर पाळला. तिच्या पावासाठी माणसं उजाडायच्या आत दुकानाच्या पायरीवर येऊन बसत. कोणी कौतुक केलं की ती माझ्याकडे बोट दाखवायची आणि वर म्हणायची, हात मात्र माझे हो. तिच्याइतकीच मीही ताठ होते. खोटं कशाला बोलू?

मग मुलाने पीठ मळायचं यंत्र आणलं. ते घरघर करत एका दमात पोतंभर पीठ मळी. माझी रवानगी घरातल्या टेबलाखाली झाली. माझ्यात कांदे ठेवले, जुने जोडे ठेवले. बोलणार कोणाला?

त्या घरात एक नात होती. हातपाय इतके बारीक की गल्लीतली पोरं तिला काडी म्हणत, आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं. जेवली की पोट धरून बसायची. जुलाब थांबत नसत. बरोबरीच्या मुली भराभर वाढल्या, ही तिथल्या तिथेच. आजीचं निदान तयार होतं. पोर खात नाही, म्हणून वाळली. सुनेला, म्हणजे काडीच्या आईला, ती ऐकवायची, तुझ्या माहेरची सगळीच पाप्याची पितरं, आमच्या घराण्यात असं कोणी नव्हतं. आणि काडीच्या ताटात आणखी एक पाव ठेवायची.

डॉक्टर बरेच झाले. एकाने जंतांचं औषध दिलं, दुसऱ्याने रक्तवाढीचं, तिसऱ्याने दूध सोडायला सांगितलं. शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताची वेगळी तपासणी केली. मग काडीला झोपेचं औषध देऊन तोंडातून दुर्बीण आत घातली आणि लहान आतड्याचे कणभर तुकडे काढले. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, अन्नाचा कस तीच शोषते. काडीची लव झिजून सपाट झाली होती. कितीही खाल्लं तरी अंगी लागत नव्हतं. रोगाचं नाव सिलिॲक. आजीच्या जिभेला ते वळेना, ती त्याला गव्हाचं वैर म्हणायची.

औषध काय, असं आजीने विचारलं. गोळी नाही, गहू बंद, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जन्मभर. कणभरसुद्धा नाही.

पाववाल्याच्या घरात हे सांगायचं म्हणजे कोळ्याला पाणी वर्ज्य. आजी दोन वेळा जेवली नाही. मग पदर खोचून उठली. घरातलं गव्हाचं पीठ दुकानात हलवलं, डबे नवे घेतले. दुकानातून येणाऱ्याने कपडे बदलल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, मग तो पोटचा मुलगा असला तरी.

सून तांदळाच्या पिठाचा पाव करू लागली. तो कौलासारखा चपटा आणि कडक व्हायचा. काडी तो हातात घेऊन नुसती बघत बसायची. आजीला ते सोसवेना. तिने मला टेबलाखालून ओढलं. मला खरवडलं, पुन्हा खरवडलं, लाकूड चकाकेपर्यंत पुसलं. पाणी तेवढं लावलं नाही. तांदळाचं पीठ माझ्यात मळून झाकून ठेवलं आणि सकाळी बघते तर पीठ टम्म. यंत्राला जमलं नसतं ते हाताला जमलं, असं तिने मुलाला ऐकवलं. काडीने तो पाव गालाला लावला. माझ्या आयुष्यात तेवढं कौतुक कधी झालं नव्हतं.

आणि काडी पुन्हा आजारी पडली. पोट फुगलं, जुलाब सुरू झाले, रक्त पुन्हा बिघडलं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. आजीचा संशय सुनेवर, सुनेचा शेजारणीवर, आणि सगळ्यांचा मिळून काडीवर. तिचं दप्तर उलटं केलं. बापाने पहिल्यांदाच तिच्यावर हात उगारला. आपण चोरून काहीच खाल्लं नाही, असं ती रडून सांगत होती. कोणी मानलं नाही. मग तिने सांगणंच सोडलं. ते मला टेबलावरून दिसत होतं.

पुढचं दवाखान्यात घडलं, ते सुनेने घरी येऊन सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ही रोज काय खाते? आजीने फडक्यातून पाव काढून मोठ्या तोऱ्यात पुढे ठेवला. डॉक्टरीणबाईंनी तो मोडून पाहिला.

"छान फुगलाय. यात घातलंत काय, आजी?"

"तांदूळ, मीठ, पाणी. बाकी काही नाही. माझी काठवटच तशी आहे, जुनं पीठ मुरलंय तिच्यात, तेच..."

एवढं बोलून आजी थांबली. पाव परत फडक्यात गुंडाळला.

घरी आल्यावर ती काडीसमोर खाली बसली. गुडघे दुखत होते तरी बसली.

"चोर तू नव्हतीस," ती म्हणाली. "चोर आजीच्या हाताखाली होता."

मग सुनेकडे न बघता म्हणाली, "आजपासून पिठाचं तू बघ. मी सांगितलं तरी माझं ऐकू नकोस."

त्या दिवशी मला पहिल्यांदा पाणी लागलं. उकळतं पाणी, राख, काथ्या. आजी घासत राहिली. पण लाकूड ते, इतक्या वर्षांचा मुरलेला गहू कसा निघणार? तिलाही ते ठाऊक होतं. शेवटी तिने मुलाला हाक मारली आणि दोघांनी मला परसात आणून उपडं घातलं.

आता पावसात माझ्या भेगा रुंदावतात. काडी माझ्याजवळून जाते ती हात मागे बांधून. अजून ती काडीच आहे, पण मागच्या आठवड्यात तिची आई झग्याची दुमड उसवून बसली होती. आजी पायरीवर बसून चपटा पाव कडाकडा चावते. दात थोडेच उरलेत, तरी चावते. पाव चपटा असू दे, पोर उंच होऊ दे, म्हणते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, टाकू नका. मी तसं म्हणणार नाही. तुमच्या घरात कोणी जेवून पोट धरत असेल तर त्याला नखरेल म्हणू नका, चोर तर मुळीच म्हणू नका. वेळेवर तपासून घ्या. आणि परसात खेळताना माझ्यावर बसलात, तर बसा. फक्त काडीचा हात धरण्याआधी आपले हात धुवा.