साखर पडली की नाही

केक ओव्हनमध्ये सरकवून सुचेता वळली आणि रिकाम्या भांड्याकडे बघून थबकलीच.

"नईमाताई, साखर तुम्ही घातलीत ना?"

"मी? तू घातलीस."

"मी तर संत्री पिळत होते!"

"आणि मी अंडी फोडत होते. एका हातानं." नईमाताईंनी प्लास्टरमधला उजवा हात पुराव्यासारखा वर केला.

युट्रेख्टच्या त्या बिल्डिंगमध्ये दोघींची दारं समोरासमोर. दोघींचं डच मोडकं, पण मोडलेले तुकडे एकमेकींत बरोबर बसायचे. आज नईमाताईंची नवी विहीण पहिल्यांदाच रोजा सोडायला येणार होती. त्यांच्या मोरोक्कोत अशा वेळी संत्र्याचा केक हवाच. हात मोडलेला, म्हणून तो सुचेताच्या गळ्यात. माप एकच, चहाचा सोनेरी काठाचा ग्लास: एक तेलाचा, एक रसाचा, एक साखरेचा, आणि मैदा मावेल तितका. तो ग्लास नईमाताईंनी केव्हाच विसळून टाकला होता. साखरेचा डबा अर्धा होता, पण सकाळी किती होता हे कुणाला ठाऊक!

"भांड्याला लागलंय ते चाखून बघ."

"माझी संकष्टी आहे. तुम्ही बघा."

"माझा रोजा!"

शेवटी सुचेतानं समोरच्या घरातून नवऱ्याला, रवींद्रला, मीटिंगमधून उठवून आणलं. हेडफोन गळ्यात अडकवूनच त्यानं चमचा चाटला.

"छान आहे."

"अरे, पण गोड आहे का?"

"छान आहे ना!" आणि तो गेलासुद्धा.

"छान!" नईमाताईंना एवढा शब्द येत होता. त्यांनी निःश्वास सोडला.

सुचेताला मात्र सुटेना. बावीस वर्षांत या माणसानं बिनमिठाची आमटीही छानच म्हटली होती. खरं आवडलं की तो न विचारता पुन्हा घ्यायचा. आज चमचा गुपचूप सिंकमध्ये ठेवला. पण कच्चं पीठ कोण पुन्हा घेतो? की मीटिंगची घाई होती?

"ताई, रस आणि साखर उकळा. पाक ओतू या वरून."

"आणि आत साखर असली तर?"

"तर विहीणबाईंचे दात गेले!"

दोघी हसल्या, आणि केक बाहेर आल्यावर सुचेतानं पाक ओतलाच.

सूर्य मावळला. खजूर झाले, पाणी झालं, मग केक. विहीणबाईंनी तुकडा तोंडात घातला, सावकाश चावला आणि सुचेताला कळावं म्हणून डचमध्ये म्हणाल्या, "लेकर."

म्हणजे छान. घ्या, इथेही तेच!

चंद्रोदयाला अजून अवकाश होता. उपाशीपोटी सुचेता त्यांच्या हाताकडे टक लावून बसली. हात मांडीवर गेला. मग चहाकडे. मग पदर नव्हता तरी पदर सावरावा तसा डोक्यावरचा रुमाल सावरला. आणि बोलता बोलता, कुणी आग्रह न करता, हात ताटलीकडे वळला. दुसरा तुकडा.

नईमाताईंनी टेबलाखालून सुचेताच्या गुडघ्यावर थाप मारली. आनंदाच्या भरात, प्लास्टरच्या हातानं.

चांगलंच लागलं.