झीटाचे सहा

फुजैराच्या एका भारतीय शाळेत अनुपमा लेले गणित शिकवायची. १९९६ साली तिने वर्षभर खपून शून्यावर एक प्रकल्प उभा केला, आणि दत्तप्रसाद नेरूरकर सरांनी तो स्वतःच्या नावाने दुबईच्या परिषदेत वाचला. सर विभागप्रमुख झाले. तिचं नाव त्यांनी साध्या आभारातही घेतलं नाही.

दोन वर्षं ती गप्प राहिली. मग प्राचीन हिब्रू आणि ग्रीक लोक अक्षरांनीच आकडे कसे लिहीत, यावर तिने काम सुरू केलं. अल्फा एक, बीटा दोन. ग्रीकांचं जुनं सहावं अक्षर पुढे वर्णमालेतून गळलं, तरी सहाचा आकडा त्याच्याच नावावर राहिला. म्हणून आज सहावा दिसणारा झीटा आकड्यांत सात. अनुपमाने दोन वह्या केल्या. खरी पर्समध्ये ठेवली. शाळेतल्या टेबलाच्या खणात ठेवलेल्या वहीत झीटाला सहा दिले आणि पुढची सगळी अक्षरं घसरू दिली.

"मॅडम, तुमचं ग्रीक कुठवर आलं?" सरांनी एकदा गोड आवाजात विचारलं.

"चाललंय, सर. वही खणातच असते."

आठवड्याभरात वहीची जागा हललेली तिला दिसली. तिने खण तसाच बंद केला.

शाळेच्या गणित प्रदर्शनाला बंदरावरचे एक ग्रीक कॅप्टन पाहुणे होते. सरांच्या ग्रीक आकड्यांच्या भल्यामोठ्या तक्त्यापुढे ते थांबले, बोटांवर मोजू लागले.

"झीटा सात," ते इंग्रजीत म्हणाले. "इथून खाली सगळंच चुकलंय. कुणी केलं हे?"

"ॲक्चुअली, हे अनुपमा मॅडमचं आहे," सर बोलून गेले.

तक्त्याखाली नाव मात्र त्यांचंच होतं. प्रिन्सिपल सुरैय्या मॅडमनी ते वाचलं आणि सरांकडे पाहिलं.

अनुपमाने पर्समधली वही पुढे केली. "माझं हे आहे, मॅडम. सरांनी माझ्या खणातलं उचललं. शून्याचंही असंच उचललं होतं."

कॅप्टननी पानं चाळून मान डोलावली.

त्याच आठवड्यात सरांचं पद गेलं.

"आता खलास, पुरे कर," नवरा सुजीत घरी म्हणाला. "ठरवून अडकवलंस तू त्याला."

"हो," अनुपमा म्हणाली. "त्याने खण उघडला नसता, तर अडकला नसता."

जूनमध्ये सर अजमानच्या शाळेत निघाले. निरोप समारंभात सहशिक्षिका आशा मॅडमनी तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती उठली नाही. प्लेटमधले दोन्ही सामोसे तिने चवीने खाल्ले, आणि सर दाराबाहेर पडेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिली.