राजधानी निघाली बोचकं घेऊन

साताऱ्याहून लग्न होऊन लष्कर शहरातल्या खासगी बाजार पेठेत आलेल्या शरयूला हिंदीची पाच वाक्यं येत, त्यातली तीन भाजीवालीशी भांडायची. तरी तिथल्याच हजीरा भागातल्या एका कन्याशाळेत तिला भूगोल शिकवायची नोकरी लागली. दुसरं कोणी मिळेना. अडला हरी, दुसरं काय! पण नोकरी हंगामी. तपासणीत वर्गाने नीट उत्तरं दिली तरच कायम. आणि शरयूला ती जिवापाड हवी होती. घरी ती नुसती 'नवी सून' होती, इथे चाळीस मुलींची बाईजी.

शब्द सुचेनात म्हणून ती भूगोल करूनच दाखवी. विंध्य पर्वत म्हणजे टेबलावर उभी राही, वाळवंट म्हणजे जीभ काढून वर्गभर रखडे. मुली ओरडून ओळखत. शेजारच्या वर्गावरच्या सुधाताई दोनदा धावत आल्या, काही चावलं का म्हणून.

छप्पनच्या नोव्हेंबरात नवा मध्य प्रदेश झाला, इथली राजधानी भोपाळला गेली आणि महिन्याभरात तिथून तपासणीला जयसिंहराव आले. मूळचे लष्करचेच, कचेरीबरोबर नुकतेच तिकडे हललेले. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"हमारी राजधानी कहाँ है?"

"बोलो ना, मुलीलोग, जल्दी से!" शरयूने घाई केली. मग राजलक्ष्मी नावाची चुणचुणीत मुलगी उठली. तिने दप्तराचं बोचकं डोक्यावर घेतलं, ओढणीने डोळे टिपले आणि दारात वळून हुंदका दिला, "येते हं!" चार जणी कचेऱ्या होऊन बाक ओढत तिच्यामागे निघाल्या.

"भोपाल!" उरलेला वर्ग गरजला.

"जा रही हो, तो 'येते' क्यों?" साहेबांनी दरडावलं.

"'जाती हूँ' बोलना अशुभ है," राजलक्ष्मीने त्यांना समजावलं. "बाईजी के यहाँ यही रिवाज है. आपको मालूम नहीं?"

साहेबांना चांगलंच मालूम होतं. भोपाळला निघताना फायलींच्या गडबडीत ते घरी 'येतो' न म्हणताच निघाले होते, आणि त्यांच्या आई अजून रुसलेल्या होत्या. ते पोट धरून हसले, मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"बाई, तुमचं हिंदी भयंकर आहे," ते मराठीत म्हणाले. "पण तुम्हाला कायम करतोय."

शरयूला रडूच कोसळलं. या पोरींना किती काय सांगायचं होतं, पण एक शब्द फुटेना. दोन्ही गालांवरून नुसत्या धारा लागल्या.

मुली सावरून बसल्या. बाईजींनी नवा धडा काढला होता.

"चंबल!" एक ओरडली.

"धत्! दो हैं, दिखता नहीं? एक नर्मदा, एक ताप्ती!"