प्रुइट तीच, माणूस दुसरा

मिस ओडेसा आमच्या नॉरफोकच्या गल्लीत शेजारीच राहतात. त्यांचे वडील एझेल प्रुइट नौदलात आचारी होते. जहाजाला आग लागली तेव्हा भटारखान्यातून धावत जाऊन त्यांनी खलाशांना ओढून बाहेर काढलं, आणि स्वतः आतच राहिले. त्यांचं नाव एखाद्या जहाजाला द्यावं म्हणून मिस ओडेसांनी उभा जन्म वॉशिंग्टनच्या पायऱ्या झिजवल्या.

मग संसदेने कायदा केला, की गुलामगिरीसाठी लढलेल्यांची नावं युद्धनौकांवरून काढायची. यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेल्या कमोडोर प्रुइटची नौकाही त्यात आली. आमचे खासदार हॅस्केट हसतमुखाने मिस ओडेसांच्या ओसरीवर आले.

"बाई, काम फत्ते. नौका आता तुमच्या वडिलांच्या नावाची."

"म्हणजे नाव काय लिहिणार?"

"प्रुइट."

"आत्ता काय लिहिलंय?"

"प्रुइटच. म्हणून तर विरोधकही राजी झाले. रंगाचा डबासुद्धा उघडायला नको. फक्त कायद्यात लिहायचं, की हा प्रुइट वेगळा."

मिस ओडेसांनी त्यांना लिंबाचं सरबत दिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे हे आडनाव आलं कुठून, ठाऊक आहे ना? माझे पणजोबा त्याच कमोडोरच्या शेतावर गुलाम होते. एझेल लिहा."

"त्याला दुरुस्ती लागेल. ती परत समितीकडे जाईल, आणि मग सगळंच बारगळेल."

ते गेल्यावर मी म्हटलं, "नाही म्हणून टाकायचं होतं."

"आणि मग? हातात काय उरलं असतं गं पोरी?"

समारंभाला मीच त्यांना गाडीतून नेलं. पहिल्या रांगेत कमोडोरचा वंशज बसला होता, गुलाबी चेहऱ्याचा, अगदी सभ्य. तो वाकून म्हणाला, "आमच्या घरी सगळे खूश आहेत. नाव राहिलं."

"आमच्याही घरी राहिलं," मिस ओडेसा म्हणाल्या. "आम्हाला मात्र कुणी विचारलं नव्हतं."

त्याने घाईने कार्यक्रमपत्रिका उघडली.

त्यांना बोलायला उभं केलं तेव्हा त्यांनी भाषण केलंच नाही. डेकवर रांगेत उभ्या खलाशांना म्हणाल्या, "माझ्या वडिलांचं नाव घ्या. आडनाव नको."

पोरं आपल्या कप्तान बाईकडे बघू लागली. ती क्षणभर घुटमळली, मग स्वतःच मोठ्याने म्हणाली, "एझेल." पाठोपाठ सगळं डेक म्हणालं. हॅस्केटसाहेबांनी सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या. मिस ओडेसांनी माझा हात इतका घट्ट धरला, की अंगठी बोटात रुतली.

संध्याकाळी बातम्यांत मथळा होता: 'प्रुइटचं नाव कायम.' कमोडोरची तसबीरही दाखवली.

मी टीव्ही बंद करायला उठले.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "आणि उद्या त्या हॅस्केटला फोन लावून दे. समितीची बैठक कधी असते, ते विचारायचंय."