आधी बोल, मग हात लाव

आमच्या पथकात नियम एकच. खड्ड्यात उतरलेला माणूस पुढची कृती टेलिफोनवर आधी सांगतो, लांब वाळूच्या पोत्यांआड बसलेला ती वहीत लिहितो, मगच बॉम्बला हात लागतो. स्फोट झालाच तर वहीतली शेवटची ओळ पुढच्या माणसाला सांगते, काय करायचं नाही ते.

वही माझ्याकडे. खड्ड्यात माझा धाकटा भाऊ बारक्या. नाव बारक्या, आणि दारातून वाकून यावं लागतं त्याला.

पडताच फुटणारा बॉम्ब एकवेळ सरळ म्हणायचा. आग लावणाऱ्यावर निदान वाळू तरी टाकता येते. मला खरी चीड घड्याळवाल्याची. मेला गुपचूप पडून राहतो आणि लोक परतायची वाट बघतो.

तसलाच एक इस्पितळाच्या अंगणात घुसला होता. बाकी सगळे हलवले, पण वरच्या मजल्यावर कालच ऑपरेशन झालेले आठ जण होते. त्यांना हलवता येईना, आणि त्यांची नर्स त्यांना सोडून हलेना.

"आता झाकणावरची माती पुसतो," बारक्या म्हणाला. लिहिलं. "आता पहिला स्क्रू काढतो." लिहिलं. "ताई, टिकटिक सुरू झाली." तेही लिहिलं. त्यानंतर तो गप्प.

श्वास ऐकू येत होता, लोखंड घासल्याचा आवाजही. म्हणजे हात चालू आणि तोंड बंद! माझं डोकंच फिरलं.

"अरे गाढवा, बोल की!"

"नको ना, ताई. उस्तादांची शेवटची ओळ तूच लिहिलीस. महिनाभर तुझ्या घशाखाली घास उतरला नाही. आता माझीही तूच लिहायची?"

हा शहाणा मला जपायला निघाला होता! उस्तादांनीच आम्हा दोघांना हे काम शिकवलं. त्यांच्या त्या एका ओळीवर पुढचे सतरा बॉम्ब निकामी झाले. ती ओळ वाकडी गेली होती, पण अक्षर वाचता येत होतं.

"नीट ऐक," मी म्हणाले. "तू न बोलता गेलास, तर उद्या आणखी कुणीतरी ह्याच स्क्रूवर जाईल. त्यालाही बहीण असेल. मी लिहीन. रडत लिहीन, पण लिहीन. हात बाजूला घे आणि बोल."

"दुसरा स्क्रू न सांगता काढला," तो म्हणाला. आवाज चिरकला होता. लिहिलं. "आता तिसरा काढतो." लिहिलं. "आता घड्याळ बाहेर ओढतो."

एवढीशी ओळ, पण पेन्सिल उचलेना. तरी लिहिली, पूर्णविरामासकट.

"लिहिलं. कर."

टिकटिक थांबली.

बारक्या बत्तीशी दाखवत पोत्यांआड आला. मी आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, मग त्याला घट्ट धरून मनसोक्त रडले. वरच्या खिडकीतून नर्स ओरडली, "अहो, हळू! माझे पेशंट झोपलेत!"

"उद्या खड्ड्यात मी," मी डोळे पुसत म्हणाले. "वही तू धरायचीस."

"मला नाही जमणार गं."

"म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी गिरणीमागे तसलाच एक निघाला. मी मातीत पालथी पडले, झाकणाकडे हात नेला आणि लागायच्या आधीच थांबवला. कानात बारक्याचा श्वास जोरजोरात येत होता. नाक ओढल्याचा आवाज आला.

"पेन्सिलीला टोक केलंय, ताई," तो म्हणाला. "बोल."