रुजवात घेतली

"काका, ही बाई नसेल. पण अशा बाया असतात की नाही?" उदयसिंहांनी चहाचा कप पुढे सरकवत विचारले.

डेव्हिड रोहेकरांनी चहाला हात लावला नाही. त्यांची मागणी साधी होती: 'तो मजकूर खोटा आहे' असा आपण व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला खुलासा सोसायटीच्या सभेत वाचून दाखवावा. सेक्रेटरी उदयसिंहांच्या मते खुलाशाला अकरा अंगठे आले होते, म्हणजे विषय संपला होता. मूळ मजकूर मात्र अजून नवीन पनवेलभर हिंडत होता, तोही डेव्हिडांच्या सहीनिशी.

डेव्हिडांची उभी नोकरी सरकारी कचेरीत, नकला देण्याच्या टेबलावर गेली. नक्कल मूळ कागदाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहायची आणि खाली लिहायचे, 'रुजवात घेतली'. चौतीस वर्षांत त्यांचा एक स्वल्पविराम सुटला नाही. निवृत्तीनंतर त्यांनी हीच सेवा ग्रुपला मोफत दिली. विमानतळावर बिबट्या, भेंडीच्या पाण्याने मधुमेह बरा, असले काही आले की ते शोध घेत, आणि टिकेल त्याखाली लिहीत, 'रुजवात घेतली. डेव्हिड.' मग लोक न वाचताच पुढे पाठवत. विश्वास म्हणतात तो हाच.

गेल्या आठवड्यात भाची निरीतने इस्रायलहून एक फोटो पाठवला. एक आदिवासी बाई, कडेवर गोरीशी पोर. खाली मजकूर: मुले पळवणारी बाई पनवेलमध्ये, सावध राहा. तासाभरात कळंबोलीच्या एका जुन्या सहकाऱ्याकडूनही तेच आले. डेव्हिडांनी चष्मा लावून दोन्ही मजकूर ताडून पाहिले. अक्षरन् अक्षर जुळत होते, चुकासुद्धा सारख्या. त्यांनी रुजवात घेतली.

नक्कल मुळाबरहुकूम आहे, एवढेच रुजवात सांगते. मूळ खरे आहे का, हे त्यांच्या टेबलावर कधी कोणी विचारले नव्हते.

फोटो साळूचा होता. नऊ पावसाळे ती डेव्हिडांच्या दारात रानभाजीची टोपली उतरवत होती. नऊ पावसाळे त्यांनी कंटोळी एकेक निवडून घेतली. टोपलीच्या वर कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाजारात लोकांनी साळूला घेरले आणि नात हौसा तिच्या कडेवरून काढून घेतली. पोर हिच्या रंगाची नाही, असे एकाने सिद्ध केले. उलव्याच्या बांधकामावरून पोरीची आई सिमेंट माखल्या पायांनी धावत आली, तेव्हा संध्याकाळी पोर परत मिळाली. त्यानंतर साळू वाडीबाहेर पडली नव्हती. हे सारे कानावर आले तेव्हा डेव्हिडांनी ग्रुपवर खुलासा टाकला होता.

उदयसिंहांकडून निघाले ते डेव्हिड रिक्षा करून थेट डोंगराखालच्या वाडीवर गेले. साळू झोपडीपुढे बसली होती.

"कंटोळीवालं काका," तिने लगेच ओळखले. "इकडं कुठं?"

"साळूबाई, तो मजकूर मी पुढे पाठवला. खाली सही माझी होती. माफी मागायला आलोय."



"माफी बाजारात दाखवता येल का?"

डेव्हिडांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला.

"तुमी लिवलेलं लोकांना पटतं ना? मंग आता लिवा. ही पोर माझी हाय."

त्यांनी खिशातून कागद काढला. वळणदार अक्षरात लिहिले: 'हौसा ही साळू हिची सख्खी नात आहे.' खालच्या ओळीवर पेन थांबले. मान वर न करता, सवयीने, त्यांनी विचारले, "मूळ कागद? जन्माचा दाखला वगैरे?"

"मूळ ही काय, बसलीय," साळूने बोट दाखवले.

डेव्हिडांनी मान वर केली. हौसा चिखलात बसून त्यांच्या चपलेचा पट्टा ओढत होती. त्यांनी आधी पोरीकडे पाहिले, मग साळूकडे, मग पुन्हा पोरीकडे. हनुवटीवरची खळी दोघींना होती. चष्मा पुसून त्यांनी ती परत एकदा ताडून पाहिली आणि लिहिले, 'रुजवात घेतली. डेव्हिड.'

सोमवारी बाजारात साळू दिसली. डेव्हिड पिशवी घेऊन पुढे निघाले आणि चार पावलांवर थांबले. टोपलीशेजारी हौसा बसली होती. तिच्या गळ्यात सुतळी होती, सुतळीला प्लास्टिकमध्ये घातलेला तो कागद, आणि प्लास्टिकचा एक कोपरा ती चघळत होती.

गिऱ्हाईक वाकत, तो कोपरा तिच्या तोंडातून काढून कागद वाचत, आणि मग कंटोळी निवडायला घेत.